पट्टीवरचा शेक

वॉर्डात तिला सगळे शीरवाली म्हणत. शीर सापडेना म्हणून बाकीच्या नर्सनी हात टेकले की हिला हाक. दंड बांधायची, बोटानं चाचपायची, बोलता बोलता सुई आत. हे काही फुकट जमलं नव्हतं. सुरुवातीला तिनं लोकांचे हात काळेनिळे केले होते आणि पोटभर शिव्या खाल्ल्या होत्या.

घरी वडिलांपुढे मात्र तो हात चालेना. जन्मभर पोती वाहिलेला माणूस कर्करोगानं वाळून काटकी झाला होता. गोळी गिळवत नव्हती. अंगावर मांसच उरलं नव्हतं, तर इंजेक्शन टोचायचं कुठे? शिरा सुई टेकताच फुटायच्या. शेवटी डॉक्टरांनी छातीला चिकटवायची पट्टी दिली. तिच्यातलं औषध कातडीतून सावकाश झिरपतं आणि दुखणं दबतं.

"एवढ्याशा चिकटपट्टीनं काय होणार?" आई म्हणाली. "फुटकी बादली आहे का ही, ठिगळ लावायला?"

"तू तिला बोट लावू नकोस म्हणजे झालं," म्हणत लेक ड्यूटीवर पळाली. वॉर्डात ती प्रत्येकाला बजावायची, पट्टीवर शेक द्यायचा नाही. घरी घाईत तेवढं राहून गेलं.

परतली तेव्हा कण्हणं ऐकू येत नव्हतं. आई दारातच उभी, चेहरा उजळलेला.

"हळू! किती दिवसांनी डोळा लागलाय ह्यांचा."

वडिलांचा एक श्वास यायचा, मग दुसरा येता येत नव्हता. ओठ निळसर. छातीवर गरम पाण्याची पिशवी.

"ही कुणी ठेवली?"

"मीच. अंग गार लागत होतं गं. पट्टीला बोटही लावलं नाही, नुसती वरून ठेवली."

शेकानं औषध भसाभस आत गेलं होतं, आणि ते जास्त झालं की श्वासच मंदावतो. लेकीनं पिशवी फेकली, पट्टी सोलली, कातडी पुसली.

"अगं, झोपू दे ना!" आईनं तिचा हात धरला. "सुखानं झोपलेत."

"ही झोप नाही, आई. सोड. बाबा, श्वास घ्या! घ्या श्वास!"

खांदे हलवून हलवून तिचे हात भरून आले. श्वास हळूहळू सुरळीत झाला. त्याच्यामागोमाग कण्हणंही आलं.

नवी पट्टी इतक्यात नको, डॉक्टर फोनवर म्हणाले. लावली तरी ती चढायला अर्धा दिवस जातो.

"मग तोवर ह्यांना काय द्यायचं?" आईनं विचारलं.

लेकीनं वडिलांची कूस बदलून दिली. थोड्या वेळानं पुन्हा बदलली.