जिन्याखालचे अण्णा आणि आमची हार्डडिस्क

वस्तू हातात आली की अण्णा ती आधी उजेडात धरायचे. मग तो टॉवेल असो, पपई असो, नवी नोट असो की कुणाच्या होणाऱ्या जावयाचा बायोडाटा. एक डोळा बारीक, मान जराशी तिरकी, आणि ओठ असे आवळलेले की समोरच्याला वाटावं, आता आपलं काही खरं नाही. आमच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क काढून मी पहिल्यांदा त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी तीही खिडकीपाशी नेली. ती चांगली जड, बंद डबी. तिच्यातून काय दिसणार? पण अण्णांना दिसलं. म्हणाले, "कुटंतरी धागा सुटलाय बघ मास्तर हिचा."

अण्णा म्हणजे आमचे घरमालक. सोलापूरच्या पूर्व भागातलं विणकरांचं तेलुगू घराणं. पण अण्णा मागावर बसले नाहीत, चादरीच्या कारखान्यात चेकर झाले. विणून उतरलेली चादर त्यांच्या टेबलावर यायची, ते ती खिडकीच्या उजेडात पसरायचे, आणि सुटलेला धागा, ओढलेली किनार, तेलाचा डाग असं काही सापडलं की चादर डाव्या हाताच्या ढिगात. सगळी नोकरी त्यांनी डावा ढीग वाढवण्यात घालवली. रिटायर झाल्यावर टेबल सुटलं, खिडकी सुटली. डावा ढीग मात्र ते घरी घेऊन आले.

त्या ढिगात आम्ही भाडेकरू. वर जायला लोखंडी जिना एकच, आणि जिन्याच्या पायथ्याशी अण्णांची खाट. मेथीच्या जुडीपासून गॅसच्या टाकीपर्यंत आमच्या घरात जे जाईल ते अण्णांच्या नजरेखालून जाई. बायको लक्ष्मी वारलेली, मुलगा सुरतेला, त्यामुळे नजरेला दुसरा उद्योगही नव्हता. कुणी काही विकत घ्यायला निघालाय असा नुसता वास आला तरी ते खाटेवर उठून बसत आणि हात वर करत. "आगु रा!" तेलुगूत म्हणजे, थांब रे. गल्लीनं त्यांचं नावच आगुअण्णा ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. स्वतःच्या घरात त्यांनी फ्रिज घेतला नव्हता, कारण बाजारातल्या प्रत्येक फ्रिजचा दोष त्यांना पाठ होता. माठाचा दोष अजून सापडला नव्हता, म्हणून माठ.

मी शाळामास्तर, आणि माझी बायको मंगल घरी लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवते. मराठी, कानडी, तेलुगू, ज्या घरचं लग्न त्या भाषेत. कॉम्प्युटर तिचा, तो दुरुस्त करण्याचा आव माझा. तो इतका म्हातारा झाला होता की बटण दाबायचं, चहाचं आधण ठेवायचं, चहा गाळायचा, प्यायचा, कपबशा विसळायच्या, मग कुठे पडद्यावर चित्र यायचं. दर रविवारी सकाळी सुरतेच्या नातवाचे फोटो मोठ्या पडद्यावर बघायला अण्णा वर येत. फोटो असायचे थोडेच. पण कॉम्प्युटर चालू होईतो गप्पा भरपूर व्हायच्या, आणि त्यांना चहा दोनदा मिळायचा.

मग हार्डडिस्क टकटक करायला लागली. भिंतीत कुणीतरी खिळा ठोकतंय असा आवाज. मंगल म्हणाली, "ही बसणार, आणि ऐन लग्नसराईत बसणार. तुळशीचं लग्न व्हायच्या आत नवीन आणा." गोष्ट सोपी होती. दुकानात जायचं, घ्यायची, यायचं. पण मला आयुष्यात सोप्या गोष्टी झेपलेल्या नाहीत. मी जिना उतरताना, केवळ माणुसकी म्हणून, अण्णांना विचारलं, "काय हो अण्णा, हार्डडिस्क घ्यावी की ती नवी एसएसडी?"

अण्णा उठून बसले. हात वर गेला. सापळ्याचं दार माझ्यामागे बंद झालं ते तिथंच.

त्यानंतरचे सगळे रविवार आम्ही नव्या पेठेत रफिकभाईंच्या दुकानात काढले. रफिकभाईंनी पहिल्याच दिवशी काउंटरवर तीन चिजा मांडल्या. "ये हार्डडिस्क, जगह भरपूर. ये एसएसडी, जगह कम, पर भागती ऐसी की पूछो नक्को. और ये काडी जैसी, इससे भी तेज, पर सर के पुराने डब्बे में नै बैठती."

"हिच्यात काय फिरतंय?" अण्णांनी एसएसडी उजेडात धरली.

"कुछ नै फिरता अण्णा. चिप है."

"फिरत न्हाय तर चालतंय कसं?" मग जरा विचार करून, "आनि मरताना? ही जुनी टकटक तरी करती. ही?"

"वो चुपचाप जाती," रफिकभाई खरं बोलून गेले.

"डाव्या बाजूला ठेव हिला."

"मग हार्डडिस्कच घेऊ या की," मी घाईनं म्हणालो.

"एमि रा, काय रे मास्तर! हिच्यात फिरतंय. फिरतंय म्हणजे झिजतंय. माग बघितलास न्हवं कधी? हिला पण डाव्या बाजूला."

रफिकभाईंनी काउंटरकडे पाहिलं. "अण्णा, डावी बाजू भर गई मेरी. अब क्या दुकानच सरकाऊं?"

प्रत्येक रविवारी अण्णा नवा दोष घेऊन यायचे. हिला धक्का चालत नाही, तिला जागा कमी. हिची गॅरंटी लांब पण कंपनी तोकडी. आणि अखेरीस, आता नवीन काहीतरी येणार आहे असं कानावर आलंय, तेव्हा आगु रा. मी माना डोलवत बसायचो. सोमवारी मंगल मला ऐकवायची. "तुम्ही आणि अण्णा बसा ठरवत. तोवर माझ्या पत्रिकांमधल्या नवरा-नवरीला पोरं होतील. बारशाच्या पत्रिका जुळवते मग." एकीकडे जिन्याखाली अण्णा, दुसरीकडे जिन्यावर मंगल. मी जिन्यात.

शेवटी एका बुधवारी शाळेतून येताना मी एकटाच रफिकभाईंकडे गेलो आणि चोरासारखी एसएसडी घेतली. एसएसडीचा सगळ्यात मोठा गुण कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. ती लपवता येते. पत्त्यांच्या जोडापेक्षाही पातळ. मी ती कडक भाकरीच्या पुड्यात, भाकऱ्यांच्या मधोमध सारली आणि शीळ घालत घरी आलो. मी कधी शीळ घालत नाही. अण्णा उठून बसले.

"काय आनलंस?"

"भाकरी. कडक भाकरी."

त्यांनी पुडा घेतला. उजेडात धरला. वरची भाकरी काढली, मोडली, तोंडात टाकली. माझ्या पायाखालचा जिना लोखंडाचा होता म्हणून टिकला. "तीळ कमी टाकलाय," ते म्हणाले, आणि पुडा परत दिला.

बसवायला माणूस बोलवायची सोय नव्हती, तोही जिन्यावरूनच येणार. रफिकभाईंनी फोनवरून सांगितलं तसं मी स्वतःच कॉम्प्युटर उघडला. आधी वायर उलटी खुपसून बघितली, मग दुसरीच काढली, मग पडदा काळा झाला आणि मंगल शांतपणे म्हणाली, "आता अण्णांनाच बोलवा." पण अखेर जमलं. जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवलं, आणि जुनीलाही आत तशीच राहू दिली, कारण अण्णा कधी डोकावले तर त्यांना तिचा चेहरा ओळखीचा होता. बटण दाबलं आणि मी सवयीनं आधण ठेवायला निघालो.

"कुठं चाललात?" मंगल म्हणाली. "चालू झालाय."

आनंद रविवारपर्यंत टिकला. रविवारी सकाळी जिन्यावर अण्णांची पावलं वाजली आणि आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं, की आता याला हळू कसं करायचं?

मंगलनं मॉनिटर बंद केला आणि वर ओढणी टाकली. "धूळ लई बसते हो अण्णा." मी बटण दाबल्यासारखं केलं. चहा झाला, दुसरा चहा झाला. मी मधूनमधून ओढणीकडे बघत उसासा टाकायचो, "फिरतंय अजून." मग ओढणी काढायची. एक फोटो दाखवायचा आणि दुसरा दाबायच्या आधी मी बोट मुद्दाम हवेत ठेवून द्यायचो. वेगवान यंत्र घेऊन ते हातानं हळू चालवणारा सोलापुरातला पहिला माणूस मीच असेन. आणि चहा झाला की आम्ही दोघं रफिकभाईंकडे निघायचो, घेऊन झालेली वस्तू कोणती घ्यावी ते ठरवायला. रफिकभाई तर नाटकातच शोभले असते. "क्या सर, अभी तक वो पुरानीच चला रे? कमाल का सबर है तुम्हारा!"

सांगून टाकावं असं रोज ठरवायचो. जिना उतरायचो, अण्णा खाटेवर सरकून जागा करायचे, आणि मी पाण्यापावसाचं बोलून परत वर यायचो. लग्नसराई निम्मी झाली तरी आमचं नाटक चालूच.

एका रविवारी दुकानात अण्णा स्टुलावर बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मास्तर, मला सगळं म्हाईत हाय." मी हातातली डबी काउंटरवर ठेवली. "शेजारच्या कदमानं वाशिंग मशीन कशी नेली? भाच्याच्या लग्नाचं सामान म्हनून, चादरीत गुंडाळून. वरच्या गल्लीतल्या लोकांनी फ्रिज मी जेवायला बसल्यावर चढवला. लोक मला विचारत्यात आनि मग चुकवून घेत्यात. घेतलं की पुन्हा खाटेकडं येत न्हाईत." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू तसं न्हाय केलंस. तू थांबलास."

रफिकभाईंनी एकदम पाठ वळवून शेल्फवरची धूळ झटकायला घेतली. मला तेवढंही करता येईना. गुडघ्यावर हात होता.

"घ्या म्हनायचं काम माझं कधी न्हवतंच रा," अण्णा म्हणाले. "खोट दिसली की बाजूला ठेव, एवढंच काम. पन तुला किती दिवस ताटकळत ठेवू? रफिक, काढ ती न फिरनारी. अम्माला माझ्याकडून." मंगलला ते अम्मा म्हणायचे.

"अण्णा, थांबा जरा!" मी ओरडलोच. "नवीन येतंय म्हणे!"

"आता न्हाय थांबायचं."

"पण ती मरताना सांगत नाही! तुम्हीच म्हणालात!"

"व्हय. न्हाय सांगत." ते उठले. "आमची लक्ष्मी तरी कुटं सांगून गेली? म्हनून काय तिच्यात खोट होती?"

त्यांनी खिशातून पैसे काढले. उजेडात न धरताच दिले.

बसवायला रफिकभाई स्वतः वर आले. त्यांनी कॉम्प्युटर असा उघडला की त्यांची रुंद पाठ अण्णांच्या आणि डब्याच्या बरोब्बर मधे. आतली माझी एसएसडी तशीच ठेवली, जुनी हार्डडिस्क काढून अण्णांच्या हातात दिली, आणि तिच्या जागी अण्णांची एसएसडी बसवली. "दो दो," माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "अमीर आदमी हो." मंगलनं आधण ठेवलं. मी बटण दाबलं. आणि आज ओढणी नव्हती.

अण्णा अजून खुर्चीत नीट टेकलेही नव्हते. पडद्यावर नातू हसत होता.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं."

"एवढ्यात?" मी फोटो पुढे सरकवत गेलो. बोट हवेत ठेवायची गरज नव्हती. नातू पतंग उडवताना, नातू शाळेच्या कपड्यात, नातू आईच्या कडेवर. बघता बघता संपले. स्वयंपाकघरात पाण्याला अजून उकळीसुद्धा फुटली नव्हती. अण्णांनी मांडीवरची जुनी हार्डडिस्क इकडची तिकडे केली. मग खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले. "चांगलं झालं, अम्मा. तुझं काम लवकर हुईल." दाराकडे निघाले. चपलेत पाय घालता घालता, आम्हाला नव्हे, चपलेलाच म्हणावं तसं म्हणाले, "मग आता रविवारी काय काम?"

मी त्या घरातला शिकलेला माणूस. मी माउसची वायर सरळ करत बसलो. मंगल मात्र हातात सांडशी घेऊन बाहेर आली, आणि जी बाई महिनोन्महिने अण्णांच्या नावानं माझा जीव खात होती, ती म्हणाली, "अण्णा, निघालात कुठं? प्रिंटर कुठला घ्यावा ते कोण सांगणार मला?"

आमचा प्रिंटर उत्तम चालू होता. टेबलावर, डोळ्यांसमोर होता. मंगल पुढे येऊन त्याच्यासमोर अशी उभी राहिली की रफिकभाईंनी मनातल्या मनात सलाम केला असावा. अण्णांनी चपलेतून पाय काढला. "शाईचा का पावडरीचा?" ते म्हणाले, आणि परत येऊन बसले.

तेव्हापासून दर रविवारी प्रिंटर पलंगाखाली जायचा. नव्या पेठेच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. शाईच्या प्रिंटरची शाई वाळते. पावडरीचा महाग, आणि गरम होतो. मी पुन्हा जिन्यात अडकलो. पण या वेळी मंगलनं चकार शब्द काढला नाही, कारण जिन्यात तीही होती.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांचे गुडघे जिना चढेनात. सुरतेहून मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. निघताना त्यांनी रिक्षा थांबवून ठेवली आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, घराबद्दल काही सांगतील. "प्रिंटर घिऊ नका, मी येस्तोवर," म्हणाले. "शाईच्यात मला एक खोट दिसलीय, ती आल्यावर सांगतो." मुलगा म्हणाला, "अप्पा, चला." मी म्हणालो, "नाही घेत अण्णा." रिक्षा वळेपर्यंत मंगल जिन्यावर उभी होती.

दिवाळीला ते आले नाहीत, संक्रांतीलाही नाही. फोनवर आवाज लांब गेलेला असतो, पण प्रिंटरचं विचारतात. मध्यंतरी आमचा तो पलंगाखालचा प्रिंटर खरोखरच बंद पडला. जिन्याखाली आता खाट नाही. हवा तो प्रिंटर हमालाच्या डोक्यावर देऊन भर दुपारी वर चढवावा, कुणी हात वर करणार नाही. मंगल मात्र पेन ड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जाते आणि प्रिंट काढून आणते. परवा एका नवऱ्यामुलीची आई नमुना बघायला आली होती. म्हणाली, "ताई, एवढं काम असतं तुमच्याकडं. घरात एक प्रिंटर का घेत न्हाई?"

मंगलनं पत्रिकेवरची मान वर केली नाही. म्हणाली, "घेणार आहोत. अण्णा यायचेत अजून."