एक सीट, दोन दप्तरं

तीन दिवस झाले, मला झोप नाही. आमची जुळी चार वर्षांची, सई आणि रघू. नुंगंबाक्कमच्या ज्या शाळेसाठी सगळं चेन्नई फॉर्म भरतं, तिथे सईला सीट मिळाली आणि रघू वेटिंग लिस्टवर. शुक्रवारपर्यंत ‘येस’ कळवायचंय. त्यात एवढं काय? पण घरात कोणीच ‘कळवून टाक’ म्हणेना. मीसुद्धा!

असं पडून राहिलं की घरातल्या बायकांच्या शाळेचे किस्से आठवायला लागतात. धुवायच्या कपड्यांसारखे असतात ते. एक उचलावा तर खाली आणखी चार.

*

सासरचे आमचे लोक तंजावरचे मराठी. सासूबाईंच्या आत्याला सगळे अक्का म्हणतात. अक्कांची शाळा पाचवीत सुटली, कारण धाकट्या भावाची सुरू झाली आणि त्याला गरम जेवण पोचवायला कोणीतरी हवं होतं. अक्का रोज डबा घेऊन त्याच्या वर्गाच्या खिडकीशी उभ्या राहायच्या.

एकदा मास्तरांनी गणित घातलं. वर्ग गप्प. खिडकीतून उत्तर आलं. बरोबर!

“कोण रे ते?” मास्तर ओरडले.

भाऊ उभा राहून म्हणाला, “सार, तो माझा डबा आहे!”

*

सासूबाईंची गाडी पुढे गेली, पार बी.एस्सी.पर्यंत. बघायला आलेल्यांनी विचारलं, “मुलगी काय शिकते?”

त्यांचे वडील अभिमानाने म्हणाले, “बी.एस्सी. आता शेवटचंच वर्ष.”

“एकच राहिलंय ना? मग राहू दे की!”

राहिलं. अजून राहिलंय.

*

माझ्या माहेरी, साताऱ्याला, असलं काही नव्हतं हं. बाबा आजही सांगतात, “मुलगा-मुलगी भेद केला नाही. दोघांनाही इंजिनिअर केलं!”

खरं आहे. दादा पुण्याला हॉस्टेलवर, मी गावाबाहेरच्या कॉलेजात. मला हवं होतं कॉम्प्युटर, पण त्यांची प्रॅक्टिकल्स सहापर्यंत चालायची आणि शेवटची एसटी साडेपाचला.

“सिव्हिल का घेतलंस?” असं इंटरव्ह्यूत विचारलं, तेव्हा ‘एसटीमुळे’ म्हणायचं धाडस झालं नाही. “पॅशन,” म्हणाले.

*

आता या शाळेचा इंटरव्ह्यू. इंटरव्ह्यू नव्हे, म्हणे ‘इंटरॅक्शन’! प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं, “घरी अभ्यास कोण घेणार?”

नवऱ्याने ताबडतोब माझ्याकडे बोट केलं. “ही घेईल. इंजिनिअर आहे!”

“आणि तुम्ही?”

“मला सिरुसेरीच्या ऑफिसातून यायला नऊ वाजतात, मॅम. त्यात आमच्या कंपनीचा एक प्रोजेक्ट आहे, मी व्हॉलंटिअर करतो.”

“व्हेरी नाइस! कसला प्रोजेक्ट?”

“गर्ल्स एज्युकेशन.”

*

त्याच ‘इंटरॅक्शन’मध्ये मॅडमनी दोघांना रंगीत ठोकळे दाखवले. सईने सगळे रंग सांगितले. रघू पिवळ्यापाशी अडला, तो अडलाच.

काल सकाळी डोसा घालता घालता सासूबाई म्हणाल्या, “अय्यो, सईचं काय, हुशार आहे. कुठेही घाला, शिकेल. चांगली शाळा रघूला पाहिजे. त्याला यलोसुद्धा येत नाही!”

नवरा बूट घालत म्हणाला, “लॉजिकली अम्माचं बरोबर आहे. म्हणजे, मुलगा म्हणून नाही हं.”

“छे, मुलगा म्हणून नाहीच,” मीही म्हणाले. आणि मग, हे लिहितानाही कान गरम होतायत, पण मी शाळेत फोन लावला.

“सर, जुळी आहेत. बहिणीची सीट भावाला ट्रान्सफर होते का?”

क्लार्क थकलेल्या आवाजात म्हणाले, “मॅडम, दर वर्षी कोणीतरी विचारतं. भावाची बहिणीला द्या, असं मात्र अजून कोणी विचारलं नाही. होत नाही. येस की नो, तेवढं सांगा.”

“सांगते,” म्हणून मी फोन ठेवला. ‘येस’ म्हणायला एक सेकंद लागला असता.

वळून पाहिलं तर सई दारात उभी. किती वेळ उभी होती, कोण जाणे. हातात अर्धा डोसा. माझ्या पिवळ्या ओढणीकडे बघत म्हणाली,

“आई, हा कलर कुठला ते मला आता येत नाही. मग मी त्या शाळेत जाऊ?”