दोन मापं पिशवीत घेऊन आलापल्लीच्या पुढे

दिवाळीची साफसफाई करताना मागच्या खोलीतल्या खुंटीवरची गोणपाटाची पिशवी खाली काढली. माझे यजमान जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि त्या पिशवीला मी हात लावला नव्हता. आत पत्र्याची दोन मापं निघाली. तोंड दोन्हींचं सारखंच रुंद, पण एक दुसऱ्यापेक्षा दोन बोटं बुटकं. बुटक्याच्या काठावर एक खाच होती, न बघता बोटाला लागेल अशी.

माझे यजमान मिठाचा धंदा करायचे. आम्ही मूल गावचे. आलापल्लीच्या पुढे जंगलात आठवड्याचा एक बाजार भरतो, तिथे ते खडे मीठ घेऊन जायचे आणि त्याच्या बदल्यात चारोळी आणायचे. पैसे मध्ये नाहीत, मापाला माप. वीसेक वर्षं हे चाललं. पुढे तिकडेही सगळं रोखीनं सुरू झालं आणि त्यांचे गुडघे गेले, तेव्हा थांबले. मी एकदाही त्या बाजाराला गेले नाही. घरी गाय होती, मुलगी लहान होती.

मी सातवी शिकलेली. ते गेल्यावर संध्याकाळ सरेना, म्हणून मुलीची जुनी पुस्तकं वाचायला काढली. त्यात तिचं बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक होतं. मागणी, पुरवठा, वस्तुविनिमय. प्रत्येक नियमाच्या आधी लिहिलेलं, ‘इतर परिस्थिती कायम असताना’. मला ते वाक्य वाचून दरवेळी थांबावं लागतं. पण बाकी पुस्तक आवडलं, आणि मग वाचनालयातून मी तशीच पुस्तकं आणू लागले. त्यातल्याच एकात होतं की जंगलात जाणारे व्यापारी दोन मापं ठेवत, घ्यायचं मोठं आणि द्यायचं लहान. आदिवासी बायका मिठाच्या चिमटीवर चारोळी देऊन मोकळ्या होत.

ते वाचलं होतं आणि आता ही दोन मापं माझ्या मांडीवर होती.

कुणाला विचारणार? मुलीला सांगितलं तर तिच्या मनातला बाप जाईल. मी मापं फडक्यात गुंडाळून ठेवली आणि हिवाळाभर त्यांच्याकडे पाहिलं नाही. यजमानांचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्याकडेही नीट पाहता येईना. शेवटी मे महिन्यात ठरवलं की तिथे जायचं आणि त्याच लोकांना विचारायचं. चारोळीचा हंगाम तोच. काय ऐकायला मिळेल ते मिळेल.

पहिला दिवस: मूल ते आलापल्ली

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. उन्हाळ्यात जात असाल तर पहाटेची एसटी धरा. मूलहून सावली, मग वैनगंगेचा पूल, मग गडचिरोली. तिथे गाडी बदलून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. पाण्याच्या दोन बाटल्या आणि ओला दुपट्टा हवाच. सुट्टे पैसे न्या. पुढे फोनला रेंज लागेलच असं नाही आणि बाजारात पाचशेची नोट दाखवली तर लोक तुमच्याकडे दयेनं बघतात.

आष्टीच्या पुढे मोठ्या ट्रकांची रांग होती. लाल धूळ एवढी, की खिडकीजवळची बाई भुवयांसकट तांबडी झाली. ती बाई मीच. खिडकी नेहमी यजमानांची असायची, मी आतल्या बाजूला. आता खिडकी मिळते.

कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, “बाई, एकट्याच? तिकडं पाव्हने हायेत का?”

“नाही. बाजाराला चालले.”

“काऊन, मूलचा बाजार बंद पडला का?”

मागच्या बाकावरचा म्हातारा म्हणाला, “जाऊ दे नं बाप्पा. तिकडं टमाटे स्वस्त असतीन.”

सगळी गाडी हसली. मीही हसले, आणि पिशवी पोटाशी धरली.

आलापल्लीला उतरल्यावर आधी सावली जाणवते. सागाचे वाढलेले सरळसोट वृक्ष, वनखात्याची जुनी घरं, लाकडाचा वास. बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये पाचशे रुपयांत खोली मिळाली, पंखा चालू आणि चादर धुतलेली. समोरच्या खानावळीत ऐंशी रुपयांत भात, वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. खानावळवाली सारखी वाढत होती. “खा व माय, भात इथला हाये, वडश्याचा नाई,” म्हणाली. वडसा म्हणजे तांदळाची मोठी पेठ, तिथून सगळीकडे तांदूळ जातो. मी विचारलं, मग वडश्याचा वाईट का? तर म्हणाली, “वाईट नाई. पन तो यायचं भाडं तुमच्या ताटात लागते.” पुस्तकात वाहतूक खर्चाचं अख्खं पान आहे. तिनं ते चटणीबरोबर वाढून टाकलं.

दुसरा दिवस: बाजार

गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे जी भेटली तिनं नको म्हटलं. आलापल्लीहून भामरागडच्या बाजूला जाणारी सकाळची गाडी, दीडेक तास. उतरल्यावर मोहाच्या झाडांखाली बाजार भरलेला दिसतो. आपल्याकडच्यासारखा आरडाओरडा नाही. बायका पुढ्यात माल मांडून गप्प बसलेल्या असतात. फोटो काढायचा तर आधी विचारा. नाही म्हटलं तर नाही.

वजनकाटे थोडेच. बाकी सगळं वाट्यानं, म्हणजे लहान लहान ढिगांनी. टमाट्याचा वाटा दहा रुपये, मिरचीचा दहा, सुक्या मासळीचा वीस. मी एका म्हातारीला म्हटलं, पाच रुपयांचे द्या, एकटीला एवढे नको. तिनं शेजारणीकडे बघितलं आणि दोघी हसायला लागल्या. “वाटा हाये तो. तोडाचा नाई.”

दहाच्या सुमाराला तिच्या वाट्यात सहा टमाटे होते. हे लक्षात ठेवा, मी पुढे परत येते.

मिठाच्या धंद्यात यजमान एक नाव नेहमी घ्यायचे, रैनीबाई. “रैनीबाई आज नव्हती,” “रैनीबाईनं आज भांडण काढलं,” असं. ती हयात आहे का, हेही ठाऊक नव्हतं. चारोळी घेऊन बसलेल्या बायकांना विचारलं, तर त्यांनी मोहाच्या बुंध्याशी बोट दाखवलं. टोपलीमागे एक वाळकी, ताठ बसलेली म्हातारी होती. केस पांढरे, गळ्यात मण्यांच्या माळा. शेजारी तिची सून. रैनीबाई माडिया बोलते, पण बाजारापुरतं मराठी तिला चांगलं येतं.

ओळख पटावी म्हणून पिशवीतून मोठं माप काढून तिच्यापुढे धरलं. लहान मी काढलंच नाही. ते फडक्यात, अगदी तळाशी होतं.

तिनं मापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मीठवाल्या भाऊची बायको?”

मी मान हलवली.

“भाऊ?”

“गेले. चार वर्षं झाली.”

ती सुनेला काहीतरी म्हणाली, सुनेनं मला बसायला पोतं टाकलं. मग रैनीबाईनं मापावर हात फिरवला आणि विचारलं, “हे मोठी बाई. लहानी बाई कुठी हाये?”

“कोण लहानी बाई?”

“त्याची. दोघी संगंच येत. लहानी बाईले आमी लय मानत होतो. तिले घरी ठेवलं का तुनं?”

मी एका गोष्टीचा निकाल लावायला आले होते आणि इथे ही दुसरीच गोष्ट निघाली. वीस वर्षं दर आठवड्याला एक रात्र हा माणूस बाहेर असायचा. मनात आलं, देवा, त्यापेक्षा तो मापात मारत असलेला चालला असता.

“मला कुणी लहानी बाई ठाऊक नाही,” मी म्हटलं.

सुनेनं माझं तोंड बघितलं. तिनं सासूला भराभर काही सांगितलं, आणि रैनीबाईचं सगळं अंग हसण्यानं हलायला लागलं. डोळे पुसत म्हणाली, “अवं, बाई नाई! डबा! हा मोठा डबा, आन एक लहाना. मोठी बहीन, लहानी बहीन. नावं ठेवली होती आमी!”

मी फडकं सोडलं आणि लहान माप तिच्या हातात दिलं. तिनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, जसं कुणाचं पोर पाहतात.

मग मला विचारता आलं. सरळ विचारलं. “बाई, या दोन मापांनी त्यांनी तुम्हाला फसवलं का?”

“या खाचेवर बोट ठेव,” ती म्हणाली. “हे मी मारली. कोयत्यानं. लहानी बाई आमी मांगितली.”

तिनं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. बोली ठरली होती एकाला एक: एक माप मीठ, एक माप चारोळी. मीठ कायम मोठ्या मापानं मिळायचं. उन्हाळ्यात चारोळी रानात भरपूर, प्रत्येकीची टोपली भरलेली, तेव्हा चारोळीही मोठ्याच मापानं जायची. दसऱ्यानंतर मात्र ज्यांनी राखून ठेवली त्यांच्याकडेच उरायची. तेव्हा त्या म्हणाल्या, आता तेवढ्याच मिठाला तेवढी देणार नाही. पण एकाला एक हा शब्द मोडायचा नव्हता. दर आठवड्याला पाऊण का सव्वा, ही कटकट नको. म्हणून लहान माप आलं. दसऱ्यापासून चारोळी लहानीनं घ्यायची, मीठ मोठीनं द्यायचं. शब्द तोच, भांडं बदललं.

“आन खाच कशाला?”

“गर्दीत तो मोठी काढंन आन म्हनंन लहानी हाये. बोट लावलं का समजते.”

सहा महिने मी त्या खाचेला चोराची खूण समजत होते.

“त्यांनी कधी काढली मोठी?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण आले होते त्यासाठीच.

सून हसू दाबत होती. रैनीबाई म्हणाली, “एकदा. दसरा झालता. म्हने, लहानी बाई घरी राह्यली, आज मोठीनंच द्या. आमी टोपल्या उचलल्या. तिकडं आंब्याखाली दुसरा मीठवाला बसून राह्यला होता, त्याच्याकडं गेलो. तीन बाजार तुया नवऱ्याच्या पुढ्यात कोनी बसलं नाई. चौथ्या बाजाराले लहानी बाईले घिऊन आला. वर एक मूठ मीठ जास्तीचं, सगळ्याइले.”

“खरंच विसरले होते?”

“ते त्याले माईत.”

मला आठवलं. मुलगी चौथीत होती. सलग तीन आठवडे मिठाची पोती जशीच्या तशी परत आली होती. मागच्या खोलीत त्यांना पाणी सुटून फरशी ओली झाली होती, मी रोज पुसायची. “बाजार बसला,” एवढंच ते म्हणायचे आणि खाली मान घालून जेवायचे. चौथ्या आठवड्याला निघताना खुंटीवरून काहीतरी काढून पिशवीत टाकलं. शोधलं नाही, सरळ हात गेला.

म्हणजे विसरले नव्हते. करून पाहिलं होतं. आणि समोरच्या बायकांनी ते चालू दिलं नव्हतं.

मला वाटलं होतं, असं काही कळलं तर मी कोसळेन. उलट बरं वाटलं, आठवडाभर तापात पडून घाम यावा तसं. मी संत शोधायला गेले नव्हते. समोरच्या बायका लुबाडल्या गेल्या का, एवढंच मला हवं होतं. त्या नव्हत्या. माझ्या पुस्तकात ज्या बिचाऱ्या होत्या, त्यांच्यातली एक माझ्यापुढे बसून माझ्या नवऱ्याची मजा सांगत होती.

रैनीबाईकडून मी रोखीनं पावभर चारोळी घेतली. भाव शहरापेक्षा बराच कमी वाटला, म्हणून मी थोडे जास्त देऊ केले. तिनं परत केले. “आज मोठीचा दिवस हाये,” म्हणाली.

परतीची गाडी साडेचारला. निघताना टमाटेवाल्या म्हातारीकडे गेले. वाटा दहालाच होता, पण आता त्यात दहा टमाटे होते. ऊन कलत होतं, तिला घरी जायचं होतं, उरलेले वाहून कोण नेणार? भाव हलला नव्हता, ढीग वाढला होता. सकाळी मला हे दिसत नव्हतं. मी एक वाटा घेतला. कंडक्टर कालच्या गाडीतला तोच निघाला. “मंग, स्वस्त भेटले का?” मी म्हटलं, “भेटले.” त्याला चार दिले.

घरी

खर्च म्हणाल तर सगळा मिळून दोन हजारांच्या आत. जाणार असाल तर पावसाळा टाळा, पुढे पूल बुडाले की रस्ता बंद होतो. आणि काही विचारायचं असेल तर दुपारपर्यंत थांबा. सकाळी माल मांडायची घाई असते.

परत आल्यावर दोन्ही मापं राखेनं घासली आणि तांदळाच्या डब्यात ठेवली. एकटीला लहानी पुरते, दोन्ही वेळचा भात होतो. फोटो पुसला. त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, तीन आठवडे फरशी मी पुसली, आणि तुम्ही म्हणालात बाजार बसला.

मागच्या रविवारी मुलगी आणि जावई आले. मी फोडणी देत होते. तिला म्हटलं, “भात लाव. मोठी बाई काढ.”

ती हात पुसत उठली आणि बाहेरचं दार उघडून रस्त्यावर बघायला लागली. “कोण आलंय, आई?”

मला इतकं हसू आलं की गॅस बंद करावा लागला. मग तिला खाली बसवलं, दोन्ही मापं तिच्यापुढे ठेवली, खाचेवर तिचं बोट ठेवलं आणि तिच्या बाबांची गोष्ट सांगायला सुरुवात केली, ते तीन आठवडे धरून.