तेवीस नंबरच्या कॅसेटची बी साइड

"घरी वाजवून बघितलात काय?" कासमभाईंनी विचारलं.

"एकच. थोडीशी."

"आता नको. ही पावडर हेडला बसते. मग तो हेड पुढच्या धा कॅसेटी खराब करतो."

रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरवर माझ्या एकतीस कॅसेट पडल्या होत्या. प्रत्येकीच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती. कुठे पिठासारखी, कुठे कापसाच्या तंतूंसारखी. २००१ चा भाद्रपद होता. तीन पावसाळे मी त्या लोखंडी कपाटात ठेवल्या होत्या आणि कपाट भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ती भिंत चिऱ्याची होती आणि पावसाळाभर ओल धरायची. हे मला, इथेच जन्मलेल्या बाईला, कळायला हवं होतं.

कॅसेटवर काय होतं ते सांगते. माझे यजमान श्रीकांत तुतिकोरीनच्या बंदरात नोकरीला होते. अकरा वर्षं आम्ही तिकडे राहिलो. शेजारणीकडून तमिळ शिकले, मग रीतसर शिकले, मग तिथल्या लोककथांवर पीएच.डी. केली. माझा विषय होता विल्लुपाट्टु. विल म्हणजे धनुष्य. माणसाहून लांब धनुष्य आडवं ठेवतात, त्याला घुंगरं बांधतात, दोरीवर काठ्यांनी ताल धरतात आणि गावदेवीची कथा गातात. या देवी बऱ्याचदा एके काळी साध्या बायका असतात. कुणीतरी अन्यायाने मारलेल्या. गाव मग त्यांचं देऊळ बांधतं आणि वर्षातून एकदा जत्रेत त्यांची कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली जाते.

माझ्या कॅसेटवर पोन्नम्माची कथा होती. ताडाच्या झाडावर चढणाऱ्या माणसाची मुलगी. खोट्या बोभाट्यावर विश्वास ठेवून तिच्या सख्ख्या भावांनी तिला मारलं. गाणारी होती मुत्तम्माळ पाट्टी. पाट्टी म्हणजे आजी. ध्वनिमुद्रणाला परवानगी देताना तिने एकच अट घातली होती. "पुस्तकात घालशील तर पुरती घाल. अर्धी कथा पोन्नम्माला चालत नाही." मी तिच्या पायाला हात लावून हो म्हटलं होतं. ९८ साली आम्ही रत्नागिरीला परतलो, आणि गेल्याच वर्षी पाट्टी गेली होती. ती कथा तशी गाणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

कासमभाईंनी काम कसं केलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. आधी सगळ्या कॅसेट आठ दिवस डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर. मग एकेक कॅसेट घ्यायची, कोपऱ्यांतले बारीक स्क्रू काढायचे, टेपची दोन्ही रिळं नव्या कवचात बसवायची. स्पिरिटात भिजवलेल्या मऊ कापडातून टेप हाताने, अगदी सावकाश ओढायची. शेवटी एकदाच वाजवायची, आणि वाजताना दुसऱ्या मशीनवर कॉपी करून घ्यायची. दिवसाला दोन कॅसेट व्हायच्या. मी शेजारच्या स्टुलावर बसून यादी करायचे. त्यांना तमिळचा एक शब्द येत नव्हता, पण आठवड्याभरात ते तालावर मान हलवायला लागले.

तीस कॅसेट पूर्ण निघाल्या. तेवीस नंबरची बी साइड मात्र मध्येच बसली. भाऊ पोन्नम्माला रानात घेऊन जातात, तिला सगळं कळतं, आणि तिथेच आवाज चिरकत बंद. पुढे दहा मिनिटं नुसती खरखर. मग एकदम शेवटची आरती.

"इथं टेप चुरगळलीय," कासमभाई म्हणाले. "माझ्याच्याने नाय होणार, बाई. माफ करा."

माफी त्यांनी मागावी असं त्यात काही नव्हतं.

मी तिरुनेलवेलीला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. पुस्तक डिसेंबरात छापायला जायचं होतं.

"दुसऱ्या गावातली छापील आवृत्ती आहे ना?" सर म्हणाले. "तिच्यात पोन्नम्मा मरताना गावाला शाप देते. त्या ओळी घ्या."

"पण सर, त्या पाट्टीच्या नाहीत."

"कथा तीच आहे. वाचकाला सलग गोष्ट हवी असते. भोक असलेलं पुस्तक कोण वाचणार?"

सर वाईट नव्हते. त्यांना पुस्तक बाहेर यायला हवं होतं, आणि मलाही. मी त्या शापाच्या चाळीस ओळी उतरवल्या, कॉम्प्युटरवर टाइप करून घेतल्या आणि पाट्टीच्या ओळींना जोडून टाकल्या. बेमालूम बसल्या.

श्रीकांतने विचारलं, "पाठवलंस?"

"उद्या पाठवते."

असे चार उद्या गेले. पाचव्या दिवशी समुद्र खवळला आणि लांबच्या बोटी आसऱ्याला मिरकरवाड्याच्या बंदरात शिरल्या. कासमभाईंचा मेव्हणा तिथे बोटींना बर्फ पुरवायचा. त्याच्याकडून ऐकून त्यांनी मला मुद्दाम निरोप पाठवला : कन्याकुमारीकडच्या तीन बोटी आल्यात, तुमची भाषा बोलतायत, विचारून बघा.

मी वॉकमन घेऊन गेले. धक्क्यावर मासळीच्या टोपल्यांमधून वाट काढत एका बोटीपाशी पोचले आणि तमिळमध्ये हाक मारली. खलाशी आधी बघतच राहिले, मग हसायला लागले. पातळ नेसलेली कोकणातली बाई तिरुनेलवेलीचं तमिळ बोलते, हे त्यांना भारीच वाटलं. पण गाणं ऐकल्यावर त्यांच्यातल्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, मान हलवली.

"अम्मा, हे आतल्या गावांचं, हिंदूंचं गाणं. आम्ही किनाऱ्याचे, चर्चला जाणारे. आम्हाला कसं माहीत असणार?"

मी निघणार होते. तेवढ्यात बोटीचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, हात पुसत पुढे आला. साठीचा असेल. अरुळप्पन त्याचं नाव. त्याने हेडफोन कानाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"ही मुत्तम्माळ," तो म्हणाला. "माझी आई डोक्यावर पाटी घेऊन त्या गावात मासे विकायची. जत्रेला आम्ही दर वर्षी जायचो. पाद्री ओरडायचे, तरी जायचो."

"मग पुढे काय होतं? पोन्नम्मा शाप देते ना?"

"शाप?" त्याला तो शब्दच आवडला नाही. "शाप कशाला देईल? ती पाणी मागते. थोरले दोघे देत नाहीत. धाकटा ओंजळीतून देतो. ती म्हणते, इथे तहानलेल्याला जो पाणी देईल त्याचं घर मी राखीन. मग धनुष्य थांबतं."

"थांबतं म्हणजे?"

"कुणी गात नाही. देवळातले लोक हंडे घेऊन फिरतात. जत्रेतल्या प्रत्येकाला पाणी मिळेपर्यंत काठी दोरीला लावायची नाही. आम्हालाही द्यायचे, त्याच तांब्यातून."

मी रिक्षा करून घरी आले आणि जत्रेत ध्वनिमुद्रण केलं त्या दिवसाची वही काढली. आम्ही लोककथांचे अभ्यासक गावोगाव क्षेत्रकाम करताना काय घडतं ते रोज लिहून ठेवतो. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : "मध्यंतर. पाणी वाटलं. मीही प्यायले. चांगलं गार होतं." त्याखाली रेघ मारून पुढची कॅसेट. ही नोंद मी गेल्या महिन्यात दोनदा वाचली होती. मला ते मध्यंतर वाटलं होतं. सात वर्षांपूर्वीही, आणि आताही.

तशीच दुकानात गेले. "कासमभाई, ती खरखर मोठ्याने लावा."

त्यांनी चांगला हेडफोन जोडला, आवाज पूर्ण वाढवला, ट्रेबल कमी केला. मग हेडफोन माझ्या हातात दिला. खरखरीच्या आड भांड्यांचे आवाज होते. पाणी ओतल्याचा आवाज. कुणीतरी लेकराला दटावत होतं. एक बाई म्हणाली, "त्या मराठी पोरीला द्या आधी."

कासमभाईंनी टेप भिंगाखाली धरली. बुरशीने चुरगळलेला तुकडा जेमतेम दोन मिनिटांचा होता. त्यापुढची आठ मिनिटं टेप धड होती.

"ही टेप शाबूत हाय," ते म्हणाले. "बाई, इथं गाणंच नव्हतं, म्हणून आपल्याला गेलं असं वाटलं."

मला रडू आलं. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला आणि स्वतः बाहेर चहा सांगायला गेले.

त्या दोन मिनिटांचं काय, हा प्रश्न उरलाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा धक्क्यावर गेले. अरुळप्पनला धाकट्या भावाच्या तोंडच्या सहा ओळी पाठ होत्या. त्याने त्या गाऊन दाखवल्या, मागे तांडेल डब्यावर ताल धरून. बाकीचं येत नाही म्हणाला, आणि रचून सांगायचा प्रयत्नही केला नाही. वादळ ओसरल्यावर बोटी गेल्या. त्यांना काय द्यावं सुचेना. घरची कोकमं दिली. सांबारात घालून बघेन, अरुळप्पन म्हणाला.

शापाच्या चाळीस ओळी मी काढून टाकल्या. सरांना फोन करून सगळं सांगितलं.

"मी तुम्हाला केवढी मोठी चूक करायला लावत होतो," ते म्हणाले. "ओंजळीने पाणी पिणाऱ्या बाईच्या तोंडी शाप घातला असता आपण."

पुस्तक तीन महिने उशिरा निघालं. सरांनी तो उशीर स्वतःच्या नावावर घेतला. त्यात पाट्टीच्या ओळी सरळ टाइपात आहेत. अरुळप्पनच्या सहा ओळी तिरप्या टाइपात, खाली त्याच्या नावानिशी. जे हरवलं तिथे टिंबं आहेत आणि टीप आहे : हा भाग संपादिकेच्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाला. पुढे एका पानावर फक्त लिहिलं आहे की इथे धनुष्य थांबतं आणि सगळ्यांना पाणी देतात. ऋणनिर्देशात पहिलं नाव कासमभाईंचं. पाट्टीच्या मुलाला प्रत पाठवली. त्याचं पत्र आलं, की देवळात ठेवली आहे. टिंबांबद्दल त्याने काही लिहिलं नव्हतं.

आता विद्यार्थी कधीकधी विचारतात, क्षेत्रकामात सगळ्यात महत्त्वाचं काय. मी दोन गोष्टी सांगते. एक, प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती काढा आणि त्या दोन वेगवेगळ्या गावांत ठेवा, त्यातलं एक कोकणात नसलेलं बरं. आणि दोन, जिथे काहीच ऐकू येत नाही तिथे स्वतःचं काही घालण्याआधी, तिथे कधीतरी ऐकायला बसलेल्या एखाद्या माणसाला गाठा. तो मासे शिजवत असला तरी चालेल.