शिक्षा : रकाना चौथा

नीलेश व्यवस्थित माणूस. हात उचलण्याआधी घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा. रायपूरच्या तेलीबांधा भागातल्या त्यांच्या सोसायटीत त्याच्या शांत स्वभावाचे दाखले दिले जात. दाखले देणाऱ्यांच्या भिंती जाड होत्या.

गंधाली लग्न होऊन अचलपूरहून रायपूरला आली, त्याला चार वर्षं झाली होती. घरात ‘मार’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. सासूबाई अभिमानानं सांगत, "आमचा नीलेश उगाच नाही करत काही. आधी चूक दाखवतो, मग शिक्षा." न्यायाची इतकी पद्धतशीर सोय प्रत्येक घरात नसते.

त्या मंगळवारी ती सखी सेंटरला, म्हणजे छळ सोसणाऱ्या बायकांच्या सरकारी मदत केंद्रात गेली, ती फक्त ‘समझाइश’ मागायला. म्हणजे कुणीतरी नवऱ्याला चार शब्द सांगावेत. मागच्या दिवाळीत नात्यातल्या थोरांनी दिलेली समझाइश आठ दिवस टिकली होती.

तिथल्या श्रावणीदीदींनी फॉर्म पुढे केला. नाव, वय, पत्ता. चौथ्या रकान्यात छापलं होतं, ‘शिक्षा’.

हिंदी तिला चांगली येत होती, पण या शब्दाला तिच्या घरी दुसरा अर्थच उरला नव्हता. तिनं लिहिलं : केस ओढणं. फोन काढून घेणं. बाल्कनीत कोंडणं, दोनदा. रेघ संपली, तशी समासात लिहीत गेली.

दीदींनी वाचलं. हसल्या नाहीत. "इसमें पढ़ाई लिखनी थी, बहन."

"अगं बाई! बी.एस्सी. आहे मी. खोडू का?"

"मत काटो. ये सज़ा किस बात की थी?"

गंधाली आठवू लागली. एकदा वरणात मीठ जास्त. एकदा नोकरीवरून, लॅबमधून यायला वीस मिनिटं उशीर. बाल्कनी कशासाठी, ते आठवेना. शिक्षा तपशीलवार आठवत होत्या, गुन्हे नाही.

"काहून मारून राहिला मग हा मले?"

"आपकी गलती से नहीं. कानून इसको हिंसा बोलता है."

मग दीदींनी सांगितलं. पोलिसांत न जाताही कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मागता येतो. सासरच्या घरात राहायचा हक्कही मागता येतो. वकील फुकट मिळतो. आणि तोवर इथं खाट आहे.

तेवढ्यात नीलेशचा फोन. तिनं स्पीकर लावला.

"कुठं आहेस?"

"सखी सेंटरात."

"तिथं काय करून राहिली? घरी ये, बोलू आपण."

"इथंच बोल. दीदी ऐकून राहिल्या."

त्यानं कॉल कापला. तिनं फोन बंद केला.

"समझाइश राहू द्या, दीदी," ती म्हणाली. "कोर्टाचा अर्ज काढा."