मी न हाकललेली पाखरं

हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे — पण मान खाली घालून सांगेन असं समजू नका.

तुम्हाला ते पाखरू बघायचंय ना? मग दिवाळी सरली की या. कडा गावाहून आष्टीकडे येताना आमची ज्वारी लागते, तिच्या वरच्या बांधावर एक बाभूळ आहे. कोवळ्या उन्हात ती पिवळीधमक दिसली तर फुलोरा समजू नका — तो भारीटांचा थवा. चिमणीएवढं पाखरू, पोट पिवळं, नराचं डोकं काळं. पार इराण-तुर्कस्तानाकडून येतं म्हणे. हे मला आत्ता आत्ता पाखरांचे फोटो काढायला येणाऱ्या कॅमेरेवाल्यांनी सांगितलं. आम्ही नुसतं ‘पाखरं’ म्हणायचो आणि हाकलायचो.

हाकलायचो — म्हणजे, हाकलणं हे काम होतं.

ज्वारीत दाणा भरला की रानात चार मेढींवर माळा बांधायचा आणि त्यावर उभं राहून गोफण फिरवायची. पाखरं दोनदा पडतात, सकाळी आणि दिवस कलल्यावर. सकाळ माझ्याकडे, संध्याकाळ धाकट्या जावेकडे — सुमनकडे. सुमनचा जीव सगळा रानात. आरोळ्या मारून मारून तिचा घसा बसायचा, घरी येऊन खुणांनीच बोलायची. आणि मी? गोफण मांडीवर ठेवून बसायची. का म्हणून विचारता? मला ती पाखरं बघायला आवडायची, बस. सासरी आल्यापासून कुणी हाक मारणार नाही असे तेवढेच दोन तास माझे होते. त्यात ती समोर — तुम्ही उठवली असती? मी नाही उठवली. त्याबद्दल मी आजही कुणाची माफी मागणार नाही. देवाचीही नाही.

पण एवढंच असतं, तर इतकी वर्षं तोंड शिवून का बसले असते?

एके दिवशी सासऱ्यांनी बाभळीकडची कणसं तळहातावर चोळली. नुसता भुसा. “कुणाच्या पाळीला पडली पाखरं?” सुमन तिथंच उभी होती. मी तिच्यादेखत म्हणाले, “ती माळ्यावर झोपती, मामा. म्या बघितलंय.”

सुमननं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही — बसलेला घसा. सासऱ्यांना वाटलं, हिच्याकडे उत्तर नाही.

घाबरून बोलले का मी? नाही. हे नीट ऐका — घाबरून नाही. मला संध्याकाळही हवी होती.

आणि मिळाली. सुमनला चुलीपुढं बसवलं, दोन्ही वेळची राखण माझ्याकडे आली. मग मात्र मी अशी गोफण चालवली की शेजारच्या रानातली माणसं वळून बघायची. बाभळीकडचा पट्टा तेवढा सोडला. पुढच्या साली दाणा बरा निघाला — म्हणजे दोष सुमनचाच, सगळ्यांना पटलं. ‘झोपाळू’ हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. स्वतःच्या लेकीच्या लग्नातसुद्धा पाहुण्यांनी तिला त्यावरून चिडवलं. ती पुन्हा कधी माळ्यावर चढली नाही.

यंदाच्या हिवाळ्यात कॅमेरेवाले आले तेव्हा सुमन चहा घेऊन बांधावर आली. त्यांच्यातल्या एका मुलीनं तिच्या हातात दुर्बीण दिली. ती बराच वेळ बाभळीकडे बघत राहिली.

“लई देखणी हाइत की गं, आक्का,” म्हणाली. “म्या कवा नीट बघितलीच न्हाईत. दिसली की हाकलायचीच मी.”

शेजारी माझा दीर उभा होता, तिचा नवरा. तो म्हणाला, “झोपंत कशी दिसतील?”

सगळे हसले. सुमनही हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.