तिरक्या अक्षरांचं पिंप

आमच्या अमेरिकेतल्या एडिसन गावच्या मराठी मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत 'आपली मुलं' नावाचं सदर असतं. मी त्या स्मरणिकेचा संपादक आहे, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या फोटोंखाली ओळी लिहितो. फोटो ठरलेले असतात: पदवीचा झगा, डॉक्टरचा कोट, कोर्टाच्या पायऱ्या. प्रत्येक मुलाचं यश 'उल्लेखनीय' असतं. एका वर्षी मी हा शब्द सगळीकडून कापला, तर चार पालकांचे फोन आले. एकानं तर विचारलं, "आमच्याशी काही वाकडं आहे का?"

आमच्या मुलीचा फोटो मात्र कधी छापला नव्हता. तिनं मायक्रोबायोलॉजी केलं तोवर सगळं ठीक होतं. मग ती पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून तासाभरावरच्या एका गावात, एका छोट्या ब्रुअरीत बियर बनवायला लागली. मंडळाच्या यादीत अध्यक्षांनी तिच्या नावापुढे 'फूड सायन्स' असं लिहिलं. मी ते खोडलं नाही. खोटं नव्हतं आणि सोयीचं होतं.

ब्रुअरीचा मालक सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. त्याची बरीचशी बियर इतरांसारखीच, केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात भरलेली, गॅसच्या दाबावर वर येणारी, दात शिवशिवतील इतकी थंड. पण तळघरात तो दर महिन्याला काही पिंपं वेगळी ठेवायचा. त्यांत जुन्या इंग्लिश पद्धतीची 'एल' नावाची बियर असायची. पिंपात भरल्यावरही तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं आणि आतल्या आत काम करत राहतं. मग पिंप आडवं ठेवायचं आणि दोन-तीन दिवस त्याला हात लावायचा नाही. यीस्ट तळाशी बसतं, वरची बियर नितळ होते. ती गॅसशिवाय, तळघराच्याच गारव्याला, साध्या नळातून ग्लासात घ्यायची. नवं गिऱ्हाईक म्हणतं, ही कोमट आहे आणि हिच्यातला फेस गेलाय. तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं, तर मग दर आठवड्याला येतं.

गाळ लवकर बसावा म्हणून त्यात माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला एक द्रव, 'फायनिंग्ज', घालतात. हे ऐकल्यावर माझ्या बायकोनं मुलीला विचारलं होतं, "म्हणजे ही बियर नॉन-व्हेज?"

"टेक्निकली, हो."

"मग चतुर्थीला चालणार नाही."

चतुर्थीला मुळात बियर चालते का, हा प्रश्न कुणी काढला नाही.

गेल्या वर्षी मालकाचे गुडघे गेले. तळघराचा जिना त्याला जमेना. त्यानं मुलीला सांगितलं, "एक पिंप सुरुवातीपासून शेवटपर्यंत तू कर. मी मध्ये बघणारही नाही. शनिवारी उघडू. नितळ आलं तर तळघर तुझं. नाही आलं, तर पिंपं बंद, फक्त केग." ती चार वर्षं याचीच वाट बघत होती. हे सगळं तिनं फोनवर सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं याल का?" कामाच्या ठिकाणी तिनं आम्हाला पहिल्यांदाच बोलावलं होतं.

आम्ही शुक्रवारी दुपारी पोचलो. मुलगी आम्हाला तळघरात घेऊन गेली. जिन्यावरच म्हणाली, "बाबा, बघ, पण कशालाही हात लावू नकोस. सीरियसली."

पिंप लाकडी घोडीवर आडवं होतं, दोन्ही बाजूंना पाचरी ठोकलेल्या. वरच्या अंगाच्या बुचात बोटाएवढी लाकडी खुंटी खोचलेली होती. आणि समोरच्या तोंडावर खडूनं, देवनागरीत लिहिलं होतं: 'पहिलं'.

ही मुलगी मंडळाच्या रविवारच्या वर्गात जाताना गाडीतून उतरायला तयार नसायची. ल कसा काढायचा यावरून आमची भांडणं झाली आहेत. तिनं अक्षरं कुणाला न दाखवता जपून ठेवली होती, हे मला ठाऊक नव्हतं. ल अजूनही भलत्याच बाजूनं सुरू केलेला होता.

फक्त ती अक्षरं तिरकी होती. पिंप उभं असताना तिनं लिहिलं होतं आणि मग खुंटी बरोबर वर यावी अशा बेतानं ते घोडीवर आडवं केलं होतं. त्यात 'पहिलं' उतरणीला लागलं होतं.

वरून तिला कुणीतरी हाक मारली. ती गेली, पाठोपाठ तिची आई गेली. मी फोन काढला. हा फोटो स्मरणिकेत छापायचा, असं माझं ठरून गेलं होतं. अध्यक्ष काय म्हणायचं ते म्हणोत. पण छापायचा तर अक्षरं सरळ हवीत.

मी एकतीस वर्षं औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. 'हलवू नये' अशा चिठ्ठ्या मी स्वतः नमुन्यांच्या बाटल्यांवर चिकटवल्या आहेत. मी स्वतःला असं सांगितलं की फिरवणं म्हणजे काही हलवणं नव्हे. पाचरी सैल केल्या, पिंप वीतभर फिरवलं, फोटो काढला आणि पुन्हा होतं तसं करून ठेवलं. खुंटीजवळून चार थेंब गळले, ते रुमालानं पुसले. वर गेल्यावर बायको म्हणाली, "कसला वास येतोय तुम्हाला?" मी म्हटलं, "ब्रुअरीत दुसरा कसला येणार?"

शनिवारी अकराला मालक कठडा धरून एकेक पायरी उतरला. भाषण नाही, फीत नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. त्यानं लाकडी हातोडीच्या एका ठोक्यात नळ बसवला. असा समारंभ मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि मला तो फार आवडला. पहिला ग्लास त्यानं ओतून टाकला. तो नेहमीच टाकतात, मुलीनं कुजबुजत सांगितलं. दुसरा ग्लास त्यानं तळघराच्या झरोक्यासमोर धरला.

बियर गढूळ होती. तिसरा ग्लासही तसाच.

"हं," मालक म्हणाला आणि ग्लास मुलीच्या हातात दिला.

तिनं वही काढली. "फायनिंग्ज कमी पडल्या असतील. किंवा यीस्ट..." ती पानं उलटत होती. "पण ट्रायलला हेच यीस्ट नीट बसलं होतं."

"होतं असं," मालक म्हणाला. त्यानं कठड्याला हात घातला.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की तिला नंतर गाडीत सांगू. तेवढ्यात तिनं पेन काढलं आणि वहीतल्या एका पानावर आडवी रेघ मारली.

"मी फिरवलं," मी म्हणालो.

मालक पायरीवरच थांबला. "काय?"

"पिंप. काल दुपारी. फोटोसाठी. अक्षरं तिरकी होती."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा! वन थिंग! मी एकच गोष्ट सांगितली होती!"

"अहो," बायको म्हणाली, "घरी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करा म्हणून महिना महिना सांगावं लागतं, आणि इथे बरा हात चालला!"

मालकानं मात्र मान हलवली. रागावला नव्हता, हेच वाईट होतं. "मलाही मुलगी आहे," तो म्हणाला. "तिच्यासाठी मीही हेच बोललो असतो."

म्हणजे आयुष्यात एकदा मी धडधडीत खरं बोललो, तर ते बापाचं प्रेम ठरलं.

मुलीनं माझ्या हातातला फोन जवळजवळ ओढूनच घेतला. फोटो मोठा केला. 'पहिलं' अगदी सरळ, छापील पुस्तकातल्यासारखं. आणि वर असायला हवी ती खुंटी एका कुशीला कललेली. तिनं तो मालकापुढे धरला. त्यानं चष्मा चढवला, फोटो पाहिला, पिंप पाहिलं, मग मला पाहिलं.

"काय लिहिलंय ते?" त्यानं विचारलं.

"पहिलं. फर्स्ट."

"मला वाटलं, नक्षी आहे." त्यानं नळ घट्ट बंद केला. "उद्या दुपारपर्यंत इथे कुणीही उतरणार नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुणीही."

वरच्या फळ्यावर त्यानं खडूनं 'उद्या' एवढंच लिहिलं. शनिवारची नेहमीची मंडळी कुरकुरत केगमधली बियर प्यायली. आम्ही मोटेलात राहिलो. मुलीनं आईला दोनदा फोन केला. मी बाजूलाच बसलो होतो, हे तिला माहीत होतं. आपण फिरवल्यानंच बियर गढूळ झाली असू दे, असं मी त्या रात्री मनापासून मागत होतो. दोष माझा नसता, तर तो तिचा होता.

रविवारी दोन वाजता मालक पुन्हा जिना उतरला. मी शहाणपणानं वरच्या पायरीवर थांबलो. त्यानं एक ग्लास ओतून टाकला आणि दुसरा झरोक्यासमोर धरला. माझ्या जागेवरूनही ग्लासातून झरोक्याचे गज मोजता येत होते.

त्यानं तो ग्लास उभ्याउभ्या, सावकाश, पूर्ण संपवला. मग हातोडी मुलीच्या हातात दिली. "हा जिना मला पुन्हा चढायला लावू नकोस," एवढंच म्हणाला आणि चढायला लागला.

मुलगी वर आली ती माझ्यासाठी ग्लास घेऊन. "तो फोटो छापायचा नाही," ती म्हणाली. "ज्याला कळतं तो म्हणेल, हिला पिंपसुद्धा नीट ठेवता येत नाही."

"मग?"

"मी देते दुसरा."

तिनं दिलेला फोटो मी छापला. खुंटी बरोबर वर, 'पहिलं' उतरणीला. खाली लिहिलं, 'पेनसिल्व्हेनियात पिंपातली बियर बनवते.' बाकी विशेषण नाही.

अंक निघाल्यावर दोन दिवसांत अध्यक्षांचा फोन आला. बियरचं त्यांना काही नव्हतं.

"अहो, घरच्याच मुलीचा फोटो, आणि तो असा तिरका छापलात? जरा सरळ करून घ्यायचात."

मी म्हटलं, "हात लावायला बंदी होती."